खडस वर नेले तो आश्विन

दिवाळीच्या आगेमागे आमच्या नव्या गावाजवळच्या कालव्याला पाणी सुटतं. पहिल्या दिवशी ते लाल गढूळ येतं, वर्षभराचा पाचोळा आणि कुणाकुणाच्या तुटक्या चपला पुढे ढकलत. दुसऱ्या दिवशी जरा फिकं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी धुणं घेऊन गेलं की तळ दिसायला लागतो. बाया म्हणतात, "चला, निवाळलं एकदाचं." मी पायरीवर बसते, हात पाण्यात सोडते आणि मनगटापर्यंत गार होऊन जाते. कालव्याच्या पाण्याला वास नसतो असं सगळ्याजणी म्हणतात. मला येतो. शेवाळलेल्या काळ्या दगडाचा, उंबराच्या कुजक्या पानांचा. हे पाणी कुठल्या दगडांवरून आलंय ते मला ठाऊक आहे. त्यातले पुष्कळ दगड मी अनवाणी तुडवलेले आहेत. आता ते दगड धरणाच्या पोटात आहेत आणि त्यांच्यावरचं पाणी सिमेंटच्या पाटातून माझ्या धुण्यापर्यंत येतं.

पाणी निवळायला लागलं की माझ्या अंगात एक जुना आश्विन जागा होतो. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली.

मी लोणीची. आंबेगाव तालुक्याच्या उगवतीला आमचं गाव, सगळी कोरडवाहू जमीन, ज्वारी-बाजरीची. लहानपणी पाणी म्हणजे हंड्यातलं. उन्हाळ्यात टँकर आला की पाइप विहिरीत सोडायचे आणि आम्ही पोरी वरून पोहरे टाकायचो. वर आलेल्या पाण्याला डिझेलचा वास यायचा. वाहतं पाणी मी एसटीच्या खिडकीतून, पुलावरून बघितलेलं, तेवढंच. लग्न होऊन मावळतीच्या खोऱ्यात आले तेव्हा पहिल्या रात्री झोप लागली नाही. कसला तरी आवाज सारखा चालू होता. सकाळी मी विचारलं, "इथं जवळ गिरणी आहे का?" सगळे हसले. तो घोड नदीचा आवाज होता.

घरात माणसं तीन. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा चाकणकडे कंपनीत, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना फौजी म्हणायचं. पलटणीतली शेवटची सहा-सात वर्षं ते वर हिमालयात, एका साहेबाच्या हाताखाली होते. त्या साहेबाला मासे धरायचं वेड. तिथली नदी मामंजी सांगायचे ती अशी, की आपल्यासारख्या दहा नद्या एका पात्रात कोंबल्यात, आणि पाणी बर्फाचं, निळं, पाय घातला तर हाड दुखेल असं. त्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा. तो गांडूळ खात नाही, कणकेकडे बघत नाही. पाण्यावर उडणाऱ्या किड्यावर झेप घेतो. म्हणून साहेब पिसांचा खोटा किडा करायचा, गळावर बांधायचा, आणि लांबच लांब दोराने तो पाण्यावर असा अलगद टाकायचा, की मासाच काय, माणूसही फसावा. त्याला मामंजी 'माशी' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबाने त्यांना स्वतःची काठी दिली. चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेली, टोकाला काडीएवढी बारीक, मुठीशी पितळी चकरी. ट्रंकेतून ती आमच्या खोऱ्यात आली.

आमच्या नदीत ट्राउट कुठला! पण खडस होता. मोठ्या सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा, वाहत्या पाण्याविरुद्ध तासन्‌तास एका जागी उभा राहणारा मासा. गावातली माणसं त्याला जाळ्यात धरायची, पावसाच्या सुरुवातीला मासे वर चढतात त्या चढणीला काठ्यांनी मारायची. मामंजी मात्र आश्विनात पाणी निवळलं की पिसाची माशी घेऊन जायचे. लोक म्हणायचे, "फौजी माशाला कोंबडीचं पीस चारतोय." पण खडस पीस घ्यायचा. मी आले त्या वर्षीपर्यंत तरी घ्यायचा.

माझा त्या सगळ्याशी संबंध आला तो शिलाई मशीनमुळे. मामंजींना साखर होती, ती डोळ्यांत उतरली. एके दुपारी मी ब्लाउज शिवत होते, तर ते समोर येऊन उभे. हातात गळ, कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं, रेशमी दोरा.

"सूनबाई, येवढं गुंडाळून देतीस का? मला आता दोराच दिसत न्हाई."

गळ धरायला काहीच नव्हतं. मग मी तो मशीनच्या फूटखाली, सुईच्या जागी दाबून बसवला. पीस दोऱ्याने गोल गुंडाळलं, साडीच्या जुन्या काठाची जर काढून मधे दोन वेढे दिले. मामंजींनी ती माशी ओठांवर फिरवून बघितली. डोळ्यांचं काम ते ओठांनी करत होते. म्हणाले, "सायबापेक्षा चांगली बांधलीस." माहेरी माझ्या शिवणाला कुणी बरं म्हटलेलं मला आठवत नाही. त्या आठवड्यात मी वीस माशा बांधल्या.

मग त्यांना वाट दिसेना म्हणून मी नदीपर्यंत जायला लागले. मग पाण्यात मासा कुठे उभा आहे ते सांगायला. आणि एक दिवस त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

त्या सकाळी काठावरच्या चढावर सोनकी फुललेली होती, सगळा उतार हळदीचा. खाचरांतला भात पोटरीतून बाहेर येऊन वाकायला लागलेला, त्याचा वास पाण्यापर्यंत उतरलेला. मी पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी. पायाखाली दगड थरथरत होते असं मला वाटलं. दगड स्थिर होते, थरथरत होतं ते पाणी, आणि मीही. मामंजी काठावर बसून सांगत होते, "काठी मागं. थांब. दोर मागं पुरा उलगडू दे. आता फुडं. घाई केली तर चाबकावानी वाजंल अन माशी तुटंल." पहिल्या दिवशी सात माशा तुटल्या. एक माझ्याच अंबाड्यात अडकली. चौथ्या दिवशी दोर मागे गेला, मी थांबले, आणि त्याचा हलका ओढा मला मनगटात कळला. पुढे आणला तर तो हवेत सरळ झाला आणि माशी पाण्यावर अशी उतरली, की तरंगसुद्धा उठला नाही.

"पडली?" मामंजींनी विचारलं.

"पडली."

"आवाज आला न्हाई म्हंजी बरोबर पडली."

पाचव्या दिवशी खडस लागला. काठी हातातून सुटते की काय अशी वाकली. मी ओरडले. मामंजी धडपडत पाण्यात उतरले, डोळ्यांनी दिसत नसताना दोर धरून धरून माझ्यापर्यंत आले. मासा हातभर होता. मी त्याला पाण्यातच दोन्ही हातांनी धरलं. तो जिवंत, जड, गार होता आणि त्याच्या कुशीतली ताकद माझ्या तळहातांत धडधडत होती. लोणीच्या पोरीच्या हातात नदी दिली कुणीतरी, असं मला वाटलं. इतक्या वर्षांत इतकं मोठं काही माझ्या हातात पुन्हा आलेलं नाही.

गावात बोललं जायचंच. सून सासऱ्याच्या काठीनं मासं मारते. पण त्या वर्षी गावाला बोलायला दुसरं बरंच होतं. खाली खोऱ्याच्या तोंडाशी धरणाची भिंत बरीच वर्षं चढत होती. त्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदाच गावच्या मसणवट्यापर्यंत आलं. नोटिसा लागल्या. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुरं अडवणार होते. माणसं घरांच्या तुळया उपसून ट्रकमध्ये भरायला लागली. दाराविना, चौकटीविना भिंती उभ्या राहिल्या. संध्याकाळी एका घरात कंदील लागला की त्याचा उजेड पलीकडच्या तीन घरांतून दिसायचा.

त्याच दिवसांत मामंजी एकदा जेवताना म्हणाले, "थांबलेल्या पाण्यात खडस पिलं घालत न्हाई. त्याला खळाळ लागतो, वाळू-खडी लागती. वर वढ्यांत चढंल म्हणावं तर वढ्याच्या तोंडाशी जाळी लावून बसत्याल लोकं. दोन-चार वर्सांत संपला."

मी भात वाढला.

"त्यो सायेब एकदा म्हनला व्हता," ते पुढे म्हणाले, "का ट्राउट तिथला न्हाईच. लई वर्सांमागं इंग्रज लोकांनी त्येची अंडी बर्फात घालून बोटीनं आणली, खेचरावरनं डोंगरात चढवली. निम्म्याच्या वर मेली. उरली त्यांनी नदी भरली."

मला तेव्हाच कळलं, की हे माझ्यापुढे आता काहीतरी ठेवणार आहेत.

भीमाशंकरच्या रानाच्या अंगाने एक ओढा उतरतो आणि नदीला मिळतो. त्या ओढ्यात दीड-दोन तासांच्या चढावर पंधरा-वीस हातांची एक उडी आहे, पाणी सरळ कड्यावरून खाली पडतं. मासा तिथून वर जाऊ शकत नाही. उडीच्या वर एक खोल डोह आहे. तिकडे अशा डोहाला कोंड म्हणतात. तिचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. वर पुढे मैलभर खळखळतं पात्र. त्या कोंडीत बोटाएवढ्या मासोळ्यांखेरीज कधी काही नव्हतं. धरणाचं पाणी तिथवर पोचणार नव्हतं. मामंजींना खडस तिथे न्यायचे होते.

शनिवारी नवरा आला, त्याला त्यांनी सांगितलं. तो शांत माणूस, कधी आवाज न चढवणारा. त्या दिवशी चढवला. "आबा, गाव उठतंय. माणसं कुठं जाणार त्याचा पत्ता न्हाई. अन तुमी मासं उचलताय?"

मामंजी म्हणाले, "माणसाला नोटीस तरी आली."

उरलेला सगळा आश्विन आणि अर्धा कार्तिक आम्ही ते केलं. मामंजींनी कानशीने प्रत्येक गळाचा उलटा काटा घासून टाकला, म्हणजे माशाचं तोंड फाटू नये. मी झुंजूमुंजूला नदीवर जायची. मोठा लागला तर सोडायचा, तो वाटेत मरतो. हातभराचा आणि त्याहून बारका ठेवायचा. दुधाचे तीन कॅन होते. दोन मामंजींच्या कावडीला, एक माझ्या डोक्यावर. प्रत्येकात दोन मासे, फार तर तीन. मी पुढे, ते मागे, माझ्या पैंजणांच्या आवाजावर. वाटेत तीन झऱ्यांवर थांबून पाणी बदलायचं. मधेमधे कॅनमध्ये हात घालून पाणी ढवळायचं, म्हणजे माशाला वारा मिळतो. माझ्या डोक्यावरच्या कॅनमध्ये मासा वळला की ते माझ्या मानेला कळायचं. वळायचा थांबला की मी म्हणायची, "मामंजी, थांबा." झाकण उघडून बघायचं. कधी तो पोट वर करून असायचा.

बरेच मेले. पहिल्या चार खेपांतला एकही जगला नाही. पाचव्या खेपेला एक खडस कोंडीत सोडला. तो काठाशी कलंडला. मी त्याला धरून, तोंड ओढ्याच्या धारेकडे करून, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. माझे पाय बधिर झाले. मग त्याने शेपूट एकदा हलवलं, माझ्या बोटांतून निसटला आणि खाली काळ्या पाण्यात गेला. मामंजी वर दगडावर बसले होते. "ग्येला?" "गेला." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कार्तिक निम्मा होईतो सव्वीस मासे पोचले.

हे आम्ही घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. मामंजींचंच म्हणणं तसं होतं. "सांगितलं का संपलं. लोकं जाळी घिऊन वर यत्याल." कोंडीच्या जवळ एक वाडी होती, दहा-बारा घरांची, वरई-नाचणी आणि थोड्या भातावर जगणारी, हिरडा गोळा करून विकणारी. तिथला लहूभाऊ मामंजींचा जुना दोस्त. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखलेली. आम्ही त्याच्या वाडीला वळसा घालून जायचो. मार्गशीर्षात मासे बघायला जाताना एकदा गाठ पडली, तर त्याने विचारलं, "फौजी, सुनंला घिऊन इकडं कुटं?"

"भीमाशंकरला," मामंजी म्हणाले.

"मग च्या पिऊन जावा की राव."

चहा घेतला. गुळाचा, काळा. त्याची मुलगी ओसरीवर हिरडे निवडत होती. लग्न ठरत आलंय, लहूभाऊ सांगत होता. आम्ही तिथून उठलो आणि त्याच्या पाठीमागच्या वाटेने कोंडीवर गेलो. मी खडकावर पालथी पडून पाण्यात बघत राहिले. दुपारचं ऊन तळापर्यंत गेलं होतं. आधी काही दिसेना. मग एक दगड हलला. दगड नव्हता. मग दुसरा. मी बघत होते आणि मागे बसलेल्या जवळजवळ आंधळ्या माणसाला सांगत होते: "हा एक. तो मोठा. ते दोघं जोडीनं. आता फिरले." मामंजी लहान पोरासारखे हसत होते. त्या दिवशी वाटलं होतं, हे राहील.

वैशाखात लहूभाऊच्या मुलीचं लग्न निघालं. तो स्वतः आमंत्रण द्यायला आला. गावात तेव्हा चार घरं उरलेली. हळदीच्या दिवशी सकाळी मी आणि मामंजी वर गेलो. मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा. वाडीची झाडून सगळी माणसं. मी मांडवात शिरले तर तीन-चार पोरी पळापळी करत होत्या आणि त्यांच्या कपाळावर काहीतरी चमकत होतं. टिकल्या असतील म्हटलं. एकीला जवळ घेतलं. रुपयाएवढं सोनेरी खवलं होतं, ओलसर, थुंकीनं चिकटवलेलं.

मी मामंजींकडे बघितलं. त्यांना दिसलेलं नव्हतं. त्यांना कसं सांगावं ते सुचायच्या आत लहूभाऊ आला, त्यांचा हात धरून त्यांना पंगतीत बसवलं.

"बसा, बसा फौजी. पोरी, तू बी बस. आज तुमास्नी काय खायला घालतोय बघा. मटण तर कुणी बी घालतंय."

"काय हाय?" मामंजींनी विचारलं. आणि मग वास आला असावा, कारण त्यांची मान जरा वर झाली.

"मासं! आमच्या कोंडीतलं! बापजाद्यात कुणी कोंडीत येवढं मासं बघितलं नव्हतं, हातहातभर. औंदा देवानंच धाडलं जणू, पोरीच्या लग्नाला. गरिबाची पंगत देवानं केली बघा."

मामंजींनी पुढ्यातली पत्रावळ हाताने चाचपून सरळ केली. मग म्हणाले, "जाळं लावलं?"

"जाळं कुठलं? कालव्याच्या कामावर हायेत की आमची पोरं. सुरुंगाचं तोटं आणलं दोन. एकच उडवला. कोंड पांढरी झाली सारी."

"एखादा ऱ्हायला आसंल."

"एक न्हाई ऱ्हायला," लहूभाऊ अभिमानाने म्हणाला. "पोरांनी बुड्या मारून तळ चाचपला."

पत्रावळीवर भाकरी आली, रस्सा आला, माझ्या पुढ्यात एक जाड तुकडा आला. लहूभाऊ समोर उभा होता. त्याचा चेहरा असा फुललेला, की आयुष्यात एकदाच कुणाचा तसा फुलत असेल. मुलीच्या लग्नाला त्याने फौजीला मासे वाढले होते. माझा घास हातातच राहिला. मामंजी माझ्या बाजूला वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "पानात टाकू नगं."

ते जेवले. काटे काढून, बोटं चाटून, दोनदा रस्सा मागून घेतला. मीही जेवले. काय खाल्लं ते सांगता येणार नाही. मला फक्त मान आठवत होती, माझी, आणि डोक्यावरच्या कॅनमध्ये वळणारा जीव. जाताना मामंजींनी लहूभाऊला मिठी मारली. म्हणाले, "अशी पंगत म्या कवा खाल्ली न्हाई."

उतरताना वाट कोंडीजवळून जात होती. मी विचारलं, "बघून येऊ का?"

"नगं," ते म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "लहूला सांगायला पायजे व्हतं. त्यानं राखलं असतं. पोरांच्या हातापाया पडला असता, पर राखलं असतं. म्या जन्मभराच्या दोस्तावर भरवसा ठिवला न्हाई."

मी म्हणाले, "तुम्हाला तरी काय ठाऊक?"

"ठाव असायचं काय त्यात? माणूस ठाव व्हता."

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं. आम्ही त्याआधीच इकडे आलो होतो, तालुक्याच्या उगवतीला, लोणीपासून फार लांब नाही. ज्या कोरड्या रानातून माझी वरात गेली होती त्याच रानात पत्र्याच्या घरात मी परत आले. जमीन मिळाली ती मुरमाड. साहेबाची काठी आढ्याला बांधून ठेवलेली होती. पहिल्या आश्विनात मी ती काढून मामंजींच्या हातात दिली, नुसती धरायला. त्यांनी मुठीवरून हात फिरवला आणि परत दिली. दुसऱ्या वर्षी काढायला गेले तर माझ्या हातात तिचे दोन तुकडे आले. वाळवीने आतून खाल्ली होती, वरून शाबूत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर लहूभाऊ आला. चार वेळा एसटी बदलून, खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. आल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही, मामंजींच्या समोर जमिनीवर बसला.

"फौजी, एक इचारू? खरं सांगा. आमच्या वाडीची एक म्हातारी औंदा म्हनली, का त्या वर्सी तिनं तुमाला कावड घिऊन वढ्यानं वर जाताना बघितलं. तू बी व्हतीस म्हनली," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "डोक्यावर कॅन. चार-पाच डाव बघितलं तिनं. मला रातसारी झोप न्हाई. कोंडीत कवा मासं नव्हतं. ते... ते तुमी नेलं व्हतं का?"

मी दारात उभी होते. चहाचं आधण उकळत होतं, मला ते उतरवायला हलता येईना. मामंजींचे डोळे तेव्हा पुरते गेलेले होते. त्यांनी चेहरा लहूभाऊच्या आवाजाकडे केला.

"मासं? आमी?" ते हसले. "अरं, देवाची कावड व्हती ती. भीमाशंकराला नदीचं पाणी घालायचा नवस व्हता माझा, डोळ्यांसाठी. तुला सांगितलं नव्हतं का, भीमाशंकरला चाललोय म्हणून?"

"सांगितलं व्हतं," लहूभाऊ म्हणाला. "व्हय, सांगितलं व्हतं."

"मग?"

"मग काय न्हाई." आणि तो रडायला लागला. साठीचा माणूस, डोक्यावरचं मुंडासं काढून त्यात तोंड घालून. "मला वाटलं, म्या तुमचं... पोरीच्या लग्नात तुमच्याच पानात..."

"येडा हायेस," मामंजी म्हणाले. "देवानं दिलं, आपण खाल्लं. सूनबाई, च्या टाक."

लहूभाऊ दोन दिवस राहिला. तांदळाचा भात केला, दोघं जुन्या गुरांच्या गोष्टी काढून हसले. जाताना तो हलका होऊन गेला. मामंजी त्यानंतर अडीच वर्षं जगले. नदीचं, खडसाचं, त्या आश्विनाचं नाव त्यांनी काढलं नाही. माझ्यापाशीही नाही. कुणाला सांगून टाकलेलं खोटं पुरं करायचं असेल तर आपल्या माणसातही ते पाळावं लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मंचरच्या बाजारात मी अजून मासेवालीच्या पाटीत बघते. कटला असतो, रोहू असतो, चिलापीचे ढीग असतात. धरणात बी सोडतात त्याचे. एकदा विचारलं, खडस येतो का? ती म्हणाली, "आमची सासू सांगायची. म्या बघितला न्हाई." नवऱ्याला मी कधी मासे आणायला सांगत नाही. त्या पंगतीचं त्याला कधी कळलं नाही, त्याला वाटतं मला काट्यांची भीती आहे.

लहूभाऊ दरवर्षी दिवाळीनंतर तांदूळ घेऊन येतो, मामंजी गेले तरी. यंदाही आला. आता त्यालाही कमी दिसतं, नातू बरोबर घेऊन आला होता. जेवल्यावर अंगणात बसला आणि म्हणाला, "पोरी, लेकीच्या लग्नानंतर दरसाल वैशाखात म्या कोंडीवर जातो. नारळ ठिवतो. लई वर्सं झाली. बोटायेवढ्या मासोळ्या सोडून काय दिसत न्हाई. त्या वर्सी दिलं तसं देव परत कवा तरी देईल का गं?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला उत्तर हवं होतं आणि जगात ते माहीत असलेली मी एकटी उरले होते.

"नाही, लहूभाऊ," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत त्याला मी सांगितलेलं तेवढंच एक खरं.